बर्फात अडकला ठिपकीचा दाणा

पोरांनो, ह्या गोष्टीच्या शेवटी एक जण 'थू थू थू' करणार. कोण? ओळखा बघू! हॅ! नाय जमायचं तुम्हाला.

एक होती मुंगी. एवढुश्शी. नाव ठिपकी. तिला सापडला डाळिंबाचा दाणा. लाल लाल! घरी पिल्लं भुकेली. ठिपकी निघाली दाणा ओढत. हुश्श हुश्श!

तेवढ्यात आली शालू. शालूला बघायचा होता बर्फ कसा होतो. तिनं दाणा उचलला. पाण्याच्या वाटीत टाकला. टुबुक! वाटी गेली फ्रीजरमध्ये. दार बंद. धाप!

सकाळी वाटी आली ओट्यावर. पाणी कुठाय? पाण्याचा झाला बर्फ. अन् दाणा बर्फाच्या पोटात!

ठिपकी चढली वाटीवर.

"बर्फा बर्फा, माझा दाणा सोड."

"नाय सोडत, जा! मी दगड हाय दगड. अंगावर मीठ पडलं, तर सोडीन."

ठिपकी गेली मिठाकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"मिठा मिठा, बर्फावर पड. बर्फ सोडंना, माझा दाणा मिळंना!"

"मला काय पाय हायत? चमच्यानं उचललं, तर पडीन."

ठिपकी गेली चमच्याकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"चमच्या चमच्या, मीठ उचल. मीठ पडंना, बर्फ सोडंना, माझा दाणा मिळंना!"

"मी आपला आडवा पडलोय. शालूनं धरलं, तर उचलीन."

ठिपकी गेली शालूकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"शालूताई शालूताई, चमचा धर. चमचा उचलंना, मीठ पडंना, बर्फ सोडंना, माझा दाणा मिळंना!"

"नको गं बाई! काल मीठ सांडलं, बाबा ओरडले. बाबा हो म्हणाले, तर धरीन."

ठिपकी गेली बाबांकडं. तुरुतुरु तुरुतुरु. बाबा घोरत होते. घुर्रर्र… फूऽऽ!

"बाबा बाबा, हो म्हणा. शालू धरंना, चमचा उचलंना, मीठ पडंना, बर्फ सोडंना, माझा दाणा मिळंना!"

"अं? पोटावर बोका झोपलाय. बोका उठला, तर म्हणीन." घुर्रर्र… फूऽऽ!

ठिपकी चढली बाबांच्या पोटावर. वर जाई, खाली येई. वर जाई, खाली येई.

"बोक्या बोक्या, ऊठ. बाबा बोलंनात, शालू धरंना, चमचा उचलंना, मीठ पडंना, बर्फ सोडंना, माझा दाणा मिळंना!"

"म्याँव! टिकलीएवढी तू, मला उठवणार? जा गं! नाय उठत."

आता जायचं कुणाकडं? कुणीच उरलं नाय. ठिपकीनं इकडंतिकडं बघितलं. मग हळूऽऽच गेली शेपटीकडं. अन्…

कट्!

"म्याँऽऽव!" बोका उडाला. बाबा दचकले, "हो! हो! हो!" शालूनं चमचा धरला. चमच्यानं मीठ उचललं. मीठ बर्फावर पडलं. भुरुभुरु भुरुभुरु.

"मी दगड हाय… मी दग… मी द…"

तडतड. टिपटिप. दगडाचं झालं पाणी! दाणा सुटला.

शालूनं तो चमच्यानं काढला. "घे बाई तुझा!" ठिपकीनं ओढत घरी नेला. गारेगार, जरासा खारट. पिल्लांनी मिटक्या मारल्या. मच् मच् मच्!

अन् बाबा? झोप मोडली. घसा कोरडा. ओट्यावर दिसली वाटी.

"वा! गार गार पाणी! शालू, माझ्यासाठी ठेवलंस होय?"

शालूनं चमचा पाठीमागं लपवला. बोका मिशीत हसला.

बाबांनी वाटी उचलली. गट् गट् गट्…

"थू! थू! थू!"