आसूढाळ

"अम्मा, हिच्यात खोट कुठं आहे तेवढं सांगा. मला सापडत नाही."

उदेसिंग गिरासे घोडीचा लगाम धरून दर्ग्याच्या ओट्यापाशी उभा होता. पौषातली सकाळ. तापीवरून वारा चावत येत होता. घोडी मान टाकून उभी. अंगावर आरसे लावलेली मखमली झूल, पार पोटाखाली उतरलेली.

हमीदाबीनं वर पाहिलं नाही. ती चुलीवर पातेलं ठेवत होती. नालबंदाची बायको. नवरा गेल्यावर दर्गा झाडायची, आणि घोड्याला काही झालं की आसपासची गावं तिच्याच दारात यायची.

"चहा नको," उदेसिंग म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही."

घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे वाचायला तो हिच्याच हाताखाली शिकला होता. कुठला भोवरा शुभ, कुठला घर बुडवणारा. तेवढं शिकला आणि गेला. आता घोडेबाजारात सौद्याआधी लोक त्याला बोलावत. तो फेटा सावरत जनावराभोवती एक फेरी मारी, आणि त्याच्या एका शब्दावर जनावर विकलं जाई नाहीतर खुंट्यालाच राही. सात वर्षांत अम्मा जिवंत आहे का मेली, हे विचारायलाही आला नव्हता. आज आला, कारण अडलं होतं.

त्यानं सगळं सांगितलं. मार्गशीर्षात पहिली घोडी गेली. चार दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही, पाचव्या दिवशी आडवी झाली. मेल्यावर केस पिंजून पाहिले तर डोळ्याखाली भोवरा. आसूढाळ. धन्याला रडवणारा. मग ही आणली, पंचकल्याणी, चारी पाय पांढरे, कपाळ पांढरं, वीत वीत तपासून. आता हिनंही तीन दिवस चारा सोडलाय. ही गेली तर बाजारात त्याला कोण विचारणार?

"थंडीत केस वाढतात अम्मा. भोवरा लपतो. तुमच्या बोटांना सापडेल."

"डॉक्टरला कळवलं?"

"आधी लक्षण बघावं म्हटलं."

"लक्षण..." हमीदाबी म्हणाली, आणि चुलीत एक काटकी सरकवली.

ओट्यावर दोन टांगेवाले उन्हाला बसले होते. त्यातल्या एकाला तिनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायला सांगितलं. डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होता. दुपार होईल म्हणाला.

"फेटा काढ," ती उदेसिंगला म्हणाली.

तो बघतच राहिला.

"काढ. आणि डोळ्यांवर बांध."

चारचौघांत तो कधी उघड्या डोक्यानं उभा राहिला नव्हता. तरी काढला. बांधला.

"बापू, आंधळी कोशिंबीर का?" टांगेवाला हसला.

"तुझ्या जनावराला पाणी पाजलंस का आज?" हमीदाबीनं विचारलं. तो उठून गेला.

"आता शोध. झुलीखाली हात घाल."

हात खांद्यावरून आत सरकला. केस दाट, कापसासारखे. त्याखाली बोटं एकदम खोल गेली. थांबली. पुढं सरकली, पुन्हा खोल गेली. वरून घोडी भरलेली दिसत होती. केसांनी भरलेली, मखमलीनं भरलेली.

"काय लागलं?"

"...बरगड्या."

"भोवरा?"

"नाही."

"मानेची कातडी चिमटीत धर. सोड. आता तिथंच बोट ठेव."

चिमटीची वळी तशीच उभी होती. बसायलाच तयार नव्हती.

"पाणी किती पिते?"

"डोणी भरलेली असते."

"डोणीचं विचारलं नाही मी."

मग तो बोलत गेला. अंगणातली दगडी डोणी. रात्रभरात पाण्याचं बर्फ व्हायचं बाकी राहतं. घोडी ओठ लावते, मान झटकते, मागं सरते. गडी म्हणतो थंडीत जनावराला तहान नसते. त्यालाही ते पटलं होतं. वर सुका कडबा, आणि अंगात ऊब राहावी म्हणून चंदीचे दाणे दुप्पट. लीद दोन दिवस नाही. बोलता बोलता त्याचा आवाज खाली खाली गेला. फेट्याच्या आत त्याला काय दिसत होतं, त्याचं त्याला ठाऊक.

"पहिली कुठं पाणी प्यायची?"

त्यानं फेट्याची गाठ चाचपली.

"उदेसिंग."

"त्याच डोणीत."

हमीदाबीनं पातेलं उतरवलं. गार पाणी ओतून कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं, मीठ टाकलं आणि घोडीच्या तोंडाशी धरलं.

घोडीनं वास घेतला. ओठ ओले केले. मग मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघत राहिली.

हमीदाबीनं पातेलं धरून ठेवलं. घोडीनं मान परत वळवली नाही. शेवटी जमिनीवर ठेवलं.

"भोवरे शिकलास आणि उठून गेलास," ती म्हणाली. "पाणी पाजायचं पुढच्या आठवड्यात शिकवणार होते."

उदेसिंगचा हात अजून चाचपत होता. दुसरं काय करणार? मान, गळा, गाल. डोळ्याखाली बोट थांबलं.

"अम्मा, सापडला." त्याच्या आवाजात चक्क जीव आला. "इथं केस वळलेत. चिकटलेत. आसूढाळच आहे."

हमीदाबीनं त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं.

"भोवरा नाही तो. पाणी आहे. तिच्यात तेवढंच उरलंय."