न वाकणारा हात

एका राज्यात अशी रीत होती, की मूल जन्मलं की बापानं ते उजव्या हाताच्या कोपरात घ्यावं, उगवत्या सूर्याला दाखवावं आणि कानात नाव सांगावं. तोवर मुलाला वाचा फुटत नसे.

राजा इंद्रधराला लेक झाली. राणी सुवदना म्हणाली, "उद्या पहाटे नाव ठेवा."

राजा म्हणाला, "आधी तिच्यासाठी डोंगरातली सोन्याची पेटी आणतो."

लेकीनं मागितली होती का पेटी? पण राजाच तो!

राजा डोंगरात गेला. पेटीच्या गुहेच्या तोंडाशी धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजा, पेटी शापित आहे. ओढू नकोस."

राजानं कडीला हिसका दिला. पेटी तसूभर हलली नाही. राजाचं उजवं कोपर मात्र निखळलं.

रानातल्या कोंडाई चेटकिणीनं ते एका मंत्रात बसवलं आणि हात गळ्यात बांधला. म्हणाली, "शाप अजून कोपरात आहे. चोळू नकोस. हळूहळू उतरेल."

राजाला कुठला धीर? त्यानं तालमीतले मल्ल बोलावले. त्यांनी गरम तेल ओतून कोपर रगड रगड रगडलं. राजा ओरडला तरी ताणलं. सकाळी हात लाकडासारखा ताठ! लेक घेता येईना, घास तोंडाशी नेता येईना.

"मल्लांना विचारलंत, मला नाही विचारलंत," राणी म्हणाली. "तुमच्या घाईपायी माझी पोर मुकी राहिली."

राजा मान खाली घालून रानात गेला.

"आलास? बस," कोंडाई म्हणाली. "आता तीन कामं. रोज कोमट पाण्यात हात बुडव, वाकेल तेवढाच वाकव. घास याच हातानं खा, सांडला तर सांडू दे. आणि हा हात कुणावर उगारू नकोस."

"बरा कधी होईन?"

"मला काय विचारतोस? कोपराला विचार."

राजानं रोज हात बुडवला. घास मांडीवर सांडला, दरबारी तोंड लपवून हसले, तरी त्यानं हात उगारला नाही. ऋतू गेले. लेक रांगली, चालली, धावली, तिचे दुधाचे दात पडले, सगळं मुक्यानं. आधी ती बापाकडे दोन्ही हात पसरायची. पुढे पसरेनाशी झाली.

एका पहाटे घास तोंडात पोचला. शाप काळ्या भुंग्यासारखा कोपरातून निघाला नि उडून गेला. राजा उठला तो धावतच. लेकीला त्यानं कोपरात उचललं. तिचे पाय त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. सूर्य दाखवून तो कानात म्हणाला, "मंजुळा."

लेकीनं तोंड उघडलं. "आबा, खाली ठेवा. मी मोठी झाले आता."

राजानं तिला खाली ठेवलं. नगारे वाजले, राज्याची घडी पुन्हा बसली. मंजुळा पुढे भरपूर बोलली, आईसारखीच फटकळ. पण तिचे बोबडे बोल कुणी ऐकले नाहीत ते नाहीतच.