बिनपट्ट्याचं मेंढरू

बोरजाईवाडीचे सरपंच जालिंदरराव यांच्या तोंडात एकच शब्द बसला होता, लालबावटेवाला! नळाला पाणी का नाही म्हणून विचारलं, की तो लालबावटेवाला. शाळेचं छप्पर गळतंय म्हटलं, की तोही लालबावटेवाला. वाडीत खरा लाल बावटा कुणी पाहिला नव्हता, पण तो शब्द चिकटेल म्हणून माणसं भीत.

एकदा देवळातल्या ग्रामसभेत सरपंचांनी गायरान मेव्हण्याच्या खडी क्रशरला द्यायचा ठराव आणला. सगळ्यांच्या माना खाली. मेंढरांचा चाराच जाणार म्हटल्यावर ठकूबाई धनगरीण मात्र उठली.

"आली का लालबावटेवाली!" सरपंच हसले.

"सरपंच, लालबावटेवाला म्हंजी काय वो?"

सरपंच अडखळले. "म्हंजे... गावाच्या वाईटावरचा!"

ठकूबाई सभेकडं वळली. "ज्याला ज्याला सरपंच असं बोललेत, त्यानं हात वर करा."

एक हात वर झाला, मग दहा, बघता बघता सगळी सभा. घंटेखाली उभ्या पुजाऱ्यानंसुद्धा हात वर केला.

ठकूबाईनं पदर खोचला. "रानात कळप मिसळत्यात, म्हणून आमी आपल्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा वढतो. पट्टा हाय ती आपली. तुमी अख्ख्या गावावर पट्टा वढलाय, सरपंच. बिनपट्ट्याचं एकच राहिलंय. ते परक्या कळपातलं!"

देवळात हशा उसळला. गडबडलेल्या ग्रामसेवकानं विचारलं, "ठरावाच्या विरोधात कोण कोण?"

वर गेलेला एकही हात अजून खाली आला नव्हता.