सूर्यदगडाचं उद्यापन

फार पूर्वी, प्रवाळांनी वेढलेल्या एका बेटावर एक सून राहत होती. सासऱ्यांची नजर अधू झाली, तेव्हा तिने सूर्यनारायणाचं व्रत धरलं. रविवारी अळणी जेवायचं, उगवत्याला अर्घ्य द्यायचं. देवाची दया अशी, की सासऱ्यांना आधी ताटातला भात दिसू लागला, मग अंगणातली कोंबडी दिसू लागली. आता उद्यापन तेवढं राहिलं.

त्या बेटावर उद्यापनाला सूर्यदगड लागे. ओहोटीला उथळ पाण्यात तो मिळे. बशीएवढा गोल, आणि अळंबीच्या छत्रीखाली असतात तशा बारीक पात्या मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या, जसे काही सूर्याचे किरण. आणला की वाळूत पुरायचा. वास गेला की धुऊन छपरावर वाळवायचा आणि पांढराशुभ्र झाला की पाटावर मांडायचा. दगडाला वास का यावा, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

सुनेनेही एक शोधून आणला. घरात पाहुणे, खड्डा खणायला सवड कुठली? तिने समुद्राच्या पाण्याने भरलेल्या परातीत तो घाईघाईत, पात्या खाली करून, पालथा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पाहते तो उताणा.

“आई, दगड तुम्ही उलटा केलात?”

“मला दुसरी कामं नाहीत होय गं, दगड उलथत बसायला?”

सुनेने तो पुन्हा पालथा केला आणि समोरच भाजी निवडत बसली. दुपार कलली तसा दगड फुगला, एका कडेवर उचलला गेला आणि सावकाश कूस बदलून उताणा झाला. पात्यांमधून इवलीइवली बोटं बाहेर आली. मधोमध तोंड होतं. वास कशाचा येतो, ते सुनेला तेव्हा कळलं. हातातली भाजी हातातच राहिली.

“आई, हा दगड नाही, जीव आहे. मी सोडून येते याला.”

सासूचा चेहरा उतरला. “अगं, दगड वाळवला नाही तर उद्यापन कसलं? उद्यापन राहिलं आणि ह्यांचे डोळे पुन्हा गेले तर? आम्ही सगळ्यांनी वाळवलेच ना? तुझाच देव तेवढा वेगळा निघाला का?”

भीती सुनेलाही होती. कोंबडीमागे हसत फिरणारे सासरे तिला समोर दिसत होते. तरी ती म्हणाली, “वसा मी टाकत नाही, आई. पण प्राण देणाऱ्या देवापुढे प्राण घेऊन कशी बसू? तो जिथे जिवंत आहे, तिथेच जाऊन पुजते.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ओहोटीला तिने त्याला होता तिथे नेऊन ठेवलं. गुडघाभर पाण्यात उभी राहिली, सूर्याला अर्घ्य दिलं, हात जोडले. सासरे तिचा हात धरून आले होते. सासू मागे पुटपुटत होती, “पाट नाही, चौरंग नाही. लोक हसतील.”

“जरा गप्प बस,” सासरे वाकून म्हणाले. “सूनबाई, लाटेने त्याच्या अंगावर वाळू टाकली होती. बघ, झटकतोय तो. आणि शेजारी त्याचं पिल्लू आहे, बोटाच्या पेराएवढं. देठावर उभं आहे गं.”

सासूही वाकली. डोळे बारीक केले. “मला तर काही दिसत नाही.”

“मग पुढच्या वर्षी सूनबाई तुझ्यासाठी व्रत धरेल,” सासरे म्हणाले, आणि सासूलाही हसू आवरलं नाही.

त्या वर्षापासून बेटावरच्या बायका उद्यापनाला पाण्यात जाऊन उभ्या राहू लागल्या. देठावरची पिल्लं मोठी झाली, देठ सोडून वाळूवर आपापल्या वाटेने सरकू लागली. ओहोटीच्या पाण्यात सूर्यच सूर्य दिसू लागले. सासऱ्यांनी ते सगळे पाहिले, अगदी शेवटपर्यंत.

तात्पर्य: जीव राखून केलेली पूजा कधी अपुरी राहत नाही, रीत थोडी वाकली तरी देव रागावत नाही.