आखाजीला सांगितलेली चूक

तापीकाठच्या एका गावात एकदा एका वृद्ध गुरुजींनी आखाजीच्या दिवशी, भरल्या घरात, नातवंडांसमोर आपल्याच तोंडाने आपले नाव खाली आणले. ऐकणाऱ्यांत त्यांची लेक हेमलता होती. वडिलांच्या त्या बोलण्याचा अर्थ तिला लागेपर्यंत दिवस मावळायला आला. पण एकदा लागला तो तिला जन्माचा पुरला.

गुरुजींनी छत्तीस वर्षे गावच्या शाळेत शिकवले होते. हेमलताही त्यांच्याच वर्गात शिकली. शाळेत त्यांना ‘गुरुजी’ म्हणायचे आणि घराचा उंबरा ओलांडला की ‘आबा’, असा तिचा लहानपणीचा नेम. लग्न होऊन ती नाशिकला गेली, त्यालाही आता अठरा वर्षे होत आली होती. पण खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीने माहेरी यायचेच असते. त्याप्रमाणे ती आली होती, आणि सोबत तिची तेरा वर्षांची केतकी.

केतकीची परीक्षा संपून सुट्टी लागली होती, तरी पोरीच्या तोंडावरचा ताण काही उतरला नव्हता. बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत राहिली. काय झालं म्हणून विचारले की ‘काही नाही’. वयच असे असते, म्हणून हेमलतेने फार खोदून विचारले नाही.

आखाजी हा पितरांचा दिवस. सकाळी मातीच्या नव्या घागरीत पाणी भरले, तिच्यावर खरबूज ठेवले, गेलेल्या माणसांची नावे घेऊन नैवेद्य दाखवला. दुपारी पुरणपोळी आणि आमरसाचे जेवण झाले. मग ओसरीवर सतरंजी पसरली गेली आणि केतकी व तिच्या मामाची दोन मुले, जुई आणि तन्मय, आबांभोवती बसली. घरातली जुनी माणसे कशी होती हे आबांनी सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, हा त्या दिवसाचा ठरलेला शिरस्ता होता.

गोष्टही बहुधा ठरलेलीच असे. आबांचे वडील दगडूबाबा बाजारात कापूस घेऊन गेले. व्यापाऱ्याने वरचा कापूस हातात घेऊन भाव सांगितला. तेव्हा दगडूबाबा आपण होऊन म्हणाले, ‘शेठ, वरचा कोरडा आहे, पण खालचा ओला आहे. भाव त्या हिशेबाने लावा.’ सारा बाजार पाहत राहिला. ही गोष्ट हेमलतेने इतक्या वेळा ऐकली होती, की कुठे आबा थांबणार आणि कुठे हात उंचावणार, तेही तिला ठाऊक होते.

त्या दिवशी आबांनी सुरुवात करण्याआधीच माई, म्हणजे हेमलतेची आई, कौतुकाने म्हणाली, “ऐका रे पोरांनो. आपल्या घरात खोटं वागणारं माणूस अजून जन्मलं नाही. आणि ही आमची केतकी तर थेट दगडूबाबांवर गेलीय. तसंच नाक, तसाच सरळ स्वभाव.”

आबांनी घसा खाकरला. “त्या दिवशी बाजारात...” एवढे बोलून ते मध्येच थांबले. क्षणभर नातवंडांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ही गोष्ट तुम्हाला येते. आज दुसरी सांगतो. माझी आहे.”

मुले सरसावून बसली. माईने आश्चर्याने पाहिले.

“मी तेरा वर्षांचा होतो,” आबा म्हणाले. “आखाजीला दोन दिवस राहिले होते. नदीचं पाणी आटलं, की वाळूत हिरामणबाबा खरबुजाच्या वेली लावायचे. भोवती काट्यांचं कुंपण, आणि आत जायला काट्याचीच एक मोठी फांदी आडवी लावलेली. राखणीला त्यांची मुलगी गोदी असायची. माझ्याच वर्गात होती. पाढ्यांत माझ्या पुढे. दुपारी ती पाणी आणायला डोहाकडे गेली, तेवढ्यात मी फांदी बाजूला सारली, आत शिरलो, एक खरबूज उचललं आणि पळालो. फांदी परत लावली नाही.”

“आबा, तुम्ही चोरलं?” तन्मयने विचारले.

“चोरलं. आणि बांधाआड बसून खाल्लं. गोडही लागलं. पण उघड्या वाटेने गुरं आत शिरली. संध्याकाळपर्यंत त्या वाडीत एक फळ धड राहिलं नाही. सणाच्या बाजारासाठी राखून ठेवलेलं सगळं गेलं. हिरामणबाबांनी गोदीला विचारलं, फांदी का नाही लावलीस? ती म्हणाली, लावून गेले होते. कुणालाच ते पटलं नाही. तिला चारचौघांत मार बसला. आणि साधी राखण जमत नाही तिला शाळा कशाला हवी, म्हणून तिची शाळाही बंद झाली.”

“मग तुम्ही?” जुईने विचारले.

“मी तिथंच उभा होतो. दगडूबाबांच्या शेजारी.”

“काहीच नाही बोललात?”

“नाही.”

माई म्हणाली, “अहो, सणासुदीचं काय हे!” पण आबा आता थांबणार नव्हते.

“पाच दिवस मी गप्प राहिलो. तेव्हा सकाळची शाळा होती. वर्गात गोदीची जागा रोज रिकामी दिसायची. मला वाटायचं, ज्यांच्या खरेपणाला सगळा बाजार नावाजतो, त्यांचा मी मुलगा. सांगितलं तर या घरात मला जागा राहणार नाही. शेवटी पाचव्या दिवशी जेवता जेवता रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता मार बसणार. पण दगडूबाबा ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, ‘चल.’ वाटेत म्हणाले, ‘ओल्या कापसाचं सगळे सांगतात. त्याच्या आदल्या वर्षी तसाच ओला कापूस मी गप्प बसून विकला होता, ते कुणाला ठाऊक नाही. वर्षभर जीव खात होतं ते. म्हणून दुसऱ्या वर्षी तोंड उघडलं.’”

हेमलतेच्या कपाळाला आठी पडली. हे तिने कधीच ऐकले नव्हते. लहानपणापासून मनात जपलेली एक उजळ मूर्ती कुणीतरी हात लावून मळवावी, तसे तिला झाले.

“दगडूबाबांनी हिरामणबाबांपुढे हात जोडले आणि गोदीपुढेही जोडले,” आबा सांगत होते. “गोदी पुन्हा शाळेत आली. मी पाऊस पडेपर्यंत त्यांच्या शेतातल्या वांग्यांना नदीवरून पाणी वाहिलं. पुढे ती शिकली, तालुक्याला नर्स झाली. पण त्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली होती, ‘पाच दिवस लागले तुला?’ तेवढं मात्र अजून कानातून जात नाही.”

गोष्ट संपली. आबांनी पाणी मागितले. जुई आणि तन्मय अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्याकडे पळाले. केतकी मात्र आतल्या खोलीत निघून गेली.

हेमलता वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. “आबा, हे आजच सांगायचं होतं? पितरांच्या दिवशी? मुलं तुम्हाला देवासारखं मानतात. आणि दगडूबाबांचं ते कापसाचं... ते तरी झाकलेलं राहू द्यायचंत. सत्तर वर्षं राहिलं होतं ना?”

आबांनी पेला खाली ठेवला. “संध्याकाळपर्यंत थांब. मग भांड.”

ती रागाने आत गेली. केतकी पलंगावर पालथी पडली होती. हेमलतेने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पोर हुंदके देऊन रडू लागली.

रडता रडता तिने जे सांगितले ते असे. वर्ष संपताना शाळेत पालकांसाठी प्रदर्शन होते. तिच्या गटाने पवनचक्कीची प्रतिकृती केली होती. त्यातले बहुतेक काम रुहीचे, आणि पालकांसमोर बोलायचेही रुहीनेच होते. आदल्या संध्याकाळी केतकी विसरलेली बाटली घ्यायला एकटीच वर्गात गेली. तिच्या दप्तराचा धक्का लागला आणि पवनचक्की खाली पडून मोडली. आजूबाजूला कुणी नव्हते. ती तशीच निघून आली. वर्ग आवरून ठेवायची जबाबदारी रुहीवर होती. सकाळी बोलणी तिलाच बसली आणि पालकांसमोर बोलायचे कामही तिच्याकडून काढून घेतले.

“तिच्याऐवजी मी बोलले, आई. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास.”

हेमलतेला ते भाषण आठवले. घरी येऊन तिने त्या कौतुकात शिरा केला होता आणि लेकीने तो अर्धा टाकला होता.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू आबांना सांगितलं असतंस. आबा म्हणाले असते, ही आपल्या घरातली नाही.” केतकीने ओढणीला डोळे पुसले. “पण आबांनी तर... आबांना पाच दिवस लागले. मला सतरा झाले. आई, मला फोन दे.”

हेमलतेने फोन दिला आणि बाहेर जायला निघाली, तर मुलीने तिचा पदर धरून ठेवला. रुहीने फोन उचलला. केतकीने अडखळत, पण काही न गाळता, सारे सांगितले. मग रुहीचा आवाज आला, “मला तर वाटायला लागलं होतं, खिडकी उघडी मीच ठेवली असेल, वाऱ्याने पडलं असेल. रात्री उठून उठून आठवायचे मी.” पुढे ती रागाने बरेच बोलली. केतकीने ऐकून घेतले. शेवटी रुहीने विचारले, “मॅडमना सांगशील?”

“आत्ता सांगते,” केतकी म्हणाली, आणि खरोखरच तिने लगेच दुसरा फोन लावला.

ऊन उतरले तेव्हा केतकी झोक्यावर बसली होती. जुई तिला मागून ढकलत होती आणि ‘अजून जोरात!’ म्हणून केतकी ओरडत होती. अंगणात बाजेवर बसून आबा ते पाहत होते. हेमलता त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“भांडायला आलीस?” त्यांनी विचारले.

“नाही. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का तिचं?”

“कुणी नाही. माई म्हणाली, ही दगडूबाबांवर गेलीय, तेव्हा पोरीने मान खाली घातली. छत्तीस वर्षं वर्ग घेतला गं मी. आपलं कौतुक ऐकून मूल लाजतं ते वेगळं, आणि घाबरतं ते वेगळं. काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं. पण काहीतरी टोचतंय, एवढं कळलं.”

“मग बाजूला घेऊन विचारायचंत.”

“विचारलं असतं तर ‘काही नाही’ म्हणाली असती.” आबा झोक्याकडे पाहत म्हणाले, “हेमा, ज्या घरात नुसत्या मोठेपणाच्या गोष्टी सांगतात, त्या घरातल्या मुलाचा पाय घसरला की त्याला वाटतं, या कुळात घसरणारा मीच पहिला. मग ते चुकीबरोबर स्वतःलाही लपवायला लागतं. त्याला हे कळायला हवं, की आपल्या आधीही कुणी इथंच पडलं होतं आणि उठून परत आलं होतं. परतीची वाट आहे, हे ठाऊक असलं तरच माणूस परत फिरतो. माझं नाव थोडं खाली आलं, तर येऊ दे. पोरीचा हात तिथपर्यंत पोचला ना?”

झोक्याचा दोर करकरत होता. हेमलतेच्या मनात मात्र पंचवीस वर्षांपूर्वीचे वसतिगृह उभे राहिले होते. त्या खोलीतले टेबल, आणि टेबलावर लिहून तीनदा फाडलेले पत्र.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “जळगावला कॉलेजात पहिल्या वर्षी मी आजारी पडले होते, म्हणून परीक्षा देता आली नाही, असं तुम्हाला कळवलं होतं. आठवतं?”

“आठवतं. माई नवस बोलली होती.”

“मी आजारी नव्हते. परीक्षा दिली होती. नापास झाले होते.”

आबांनी मान वळवून लेकीकडे पाहिले. चाळिशी ओलांडलेली, केसांत चांदी उतरलेली ती बाई त्या क्षणी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी खाली पाहत होती.

“का गं नाही सांगितलंस?”

“आपल्या घरात कुणी हरलेलंच नव्हतं, आबा.”

गुरुजींचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “मला वाटायचं, मी तुम्हाला चांगलं घर दिलं.”

“चांगलंच दिलंत.”

“उंच दिलं. चढायला पायरी द्यायची राहिली. आजची गोष्ट मी तेव्हाच सांगायला हवी होती. चुकलं माझं.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग एकाएकी त्यांच्यातला मास्तर जागा झाला. “पण नापास झालीस ती कोणत्या विषयात?”

हेमलता संकोचली. “गणितात.”

“गणितात!” आबा म्हणाले. “अगं, गणित तर तुला मी शिकवलं होतं!” आणि ते खदखदून हसू लागले. हेमलताही हसू लागली, इतकी, की माई पीठ लागलेल्या हातांनी दारात आली आणि बापलेकीला काय झाले म्हणून विचारू लागली.

“ये, बस,” हेमलता तिला म्हणाली. “तुलाही एक सांगायचंय.”

सणावाराला घरच्या थोरांचे पराक्रम मुलांना अवश्य सांगावेत. पण त्यांचे चुकणे आणि चुकून परत येणे हेही सांगावे, कारण अडचणीच्या दिवशी मुलाच्या उपयोगी पडते ते हेच.