विडीतला हात

"सोमवारपासून पानं भिजवणाऱ्या बाराही जणींना नारळ!" चुनीलालशेठांनी विडी कारखान्याच्या अंगणात सांगून टाकलं. दोन कारखान्यांचा एक करायचा म्हणून त्यांनी मुंबईहून दिघेसाहेब आणले होते. साहेबांचा सल्ला सरळ होता: विडी वळणाऱ्या ठेवा, बाकीच्या काढा. पान काय, पाण्यात टाकलं की भिजतं!

बारा घरांच्या चुली विझायच्या, ही काय थट्टा आहे? पण बाराजणींतली कौसाबाई पदर खोचून पुढं झाली.

"शेठजी, आमच्याबिगर विडी व्हायची न्हाई!"

शेठ मिशीतल्या मिशीत हसले. "असं? मग अशी एक विडी आण, जिच्यात तुझा हात दिसेल. तंबाखू दिसते, दोरा दिसतो, वळणारीची बोटं कळतात. तुझा हात दाखव, बाराही जणी राहतील. उद्या दुपारपर्यंत!"

आता आली का पंचाईत! ओल्या गोणपाटात पान मुरतं, मऊ होतं, वळलं जातं. भिजवणारीची आठवण कोण ठेवतो? अकराजणी रडकुंडीला आल्या. कौसाबाई मात्र गालात हसली.

"दाखवते की! फकस्त आज पानं साहेबांनी भिजवायची. आमाला सुट्टी."

"त्यात काय अवघड!" म्हणत साहेबांनी बाह्या सरसावल्या. पानांचे गठ्ठे बांधलेलेच हौदात बुडवले आणि खुशाल झोपायला गेले. सकाळी पाहावं, तर वरची पानं चिंब आणि आतली खडखडीत कोरडी! वळणाऱ्या बायका कपाळाला हात लावून वळत बसल्या.

रोजची पहिली विडी सगळ्यांसमोर शेठनी ओढायची, हा कारखान्याचा रिवाज. त्यांनी चार काड्या ओढल्या, विडी पेटेचना. चिडून दुसरी घेतली. ती पेटली, पण पहिल्याच झुरक्याला उकलली आणि ठिणग्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर! शेठ अंगणभर नाचले.

"कुणी वळल्या या?"

"रोजच्याच बायांनी. तंबाखू रोजची, दोराबी रोजचाच," कौसाबाई म्हणाली. "शेठजी, आमचा हात विडीत असला की दिसत न्हाई. नसला, की असा दिसतो!"

क्षणभर शेठ धोतराच्या भोकाकडे बघत राहिले, आणि मग पोट धरून जे हसत सुटले!

"बाराही जणी कामावर! प्रत्येकीला नवं लुगडं! आणि साहेब, तुम्ही आजच्या गाडीनं—"

"थांबा शेठजी," कौसाबाई घाईनं म्हणाली, "साहेबांस्नी काढू नगा. विहिरीचं पाणी शेंदायला आमाला एक गडी कमीच पडतोय!"