हात लावा

एकदा एका वृद्ध उपदेशकाने आपल्या शिष्येची श्रद्धा मोडली. दोष त्याचाच होता. पिकल्या केसांच्या चुकीवर आपण लगेच काळाचं नाहीतर नशिबाचं पांघरूण घालतो, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

शिष्या तरुण होती. तिचा नवरा गलबतावर गेला होता. वादळ झालं. बाकीची गलबतं परतली, त्याचं परतलं नाही. बुडालं असं कुणी सांगेना, तरलं असंही सांगेना. रडावं की वाट पाहावी, एवढंसुद्धा तिला ठरवता येईना. ती रोज उपदेशकाकडे येई आणि तो डोळे मिटून म्हणे, "मुली, भार प्रभूवर टाक."

एकदा ती म्हणाली, "टाकते हो बाबा. घरी पोचेपर्यंत पुन्हा डोक्यावर असतो."

"मग तुझी श्रद्धाच उणी पडते."

असलं वाक्य बोलायला खुर्चीतून उठावंही लागत नाही. ती मात्र उठली आणि निघून गेली. रविवारी प्रार्थनामंदिरात आली नाही, पुढच्याही रविवारी आली नाही. शेजारीण बोलवायला गेली, तर तिने दारातूनच सांगितलं, "माझी उणी आहे ना? ज्यांची काठोकाठ भरलीय त्यांनी जावं." ती धड जेवत नव्हती आणि प्रार्थनाही करत नव्हती. शेजारणीने हे उपदेशकाच्या कानावर घातलं, तेव्हा कुठे म्हातारा हादरला.

सकाळी तो कुंभाराकडे गेला. मडक्यांनी भरलेली पाटी त्याने डोक्यावर चढवून घेतली आणि थरथरत शिष्येच्या दारापुढे येऊन उभा राहिला. गल्लीतली माणसं हसली. "काय बाबा, उपदेश खपेना म्हणून मडकी विकायला काढली का?"

शिष्या बाहेर आली.

"हे काय सोंग?"

"ओझं झालंय मुली."

"मग टाका की! तुम्हीच शिकवलंत ना?"

"टाकलं तर फुटेल."

ती दाराला टेकून बघत राहिली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळू लागला, मान लटपटू लागली, तरी ती हलली नाही. बरं केलं तिने. शेवटी तो क्षीण आवाजात म्हणाला, "पोरी, हात लाव गं."

ही हाक ऐकून नुसतं उभं राहणारं माणूस आपल्याकडे अजून जन्माला यायचं आहे. ती पुढे झाली. दोघांनी मिळून पाटी अलगद खाली घेतली. एकही मडकं फुटलं नाही.

तो तिथेच पायरीवर बसला. "मी तुला चुकीचा शब्द दिला. डोक्यावरचं ओझं टाकता येत नाही, ते उतरवून घ्यावं लागतं. 'प्रभू, हात लाव' अशी हाक मारायची आणि तो येईपर्यंत मान ताठ ठेवायची, श्रद्धा म्हणजे एवढंच. ती तुझ्याकडे होती. रोज माझ्या दारात येत होतीस, ती हाकच होती. प्रभू आला की माणसांच्या हातांनी येतो. त्याने माझे हात मागितले, आणि मी ते जोडून, डोळे मिटून बसलो."

ती खाली बसली आणि वादळानंतर प्रथमच मोठ्याने रडली. मग डोळे न पुसताच म्हणाली, "प्रभू, मला हे एकटीला पेलत नाही. हात लाव." शेजारीण भाकरी घेऊन आली होती. ती तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. नवऱ्याची काहीच खबर नव्हती, पण त्या दिवशी ती जेवली.

तुमच्या दारात कुणी ओझं घेऊन उभं असेल, तर त्याची श्रद्धा मोजत बसू नका.

रविवारी ती प्रार्थनामंदिरात आली, आणि येतच राहिली. उपदेशकाकडे शिकायला मात्र ती पुन्हा कधीच गेली नाही.